कानात रातकिडे ओरडायला लागले तर: पहिल्या आठवड्यापासून काय करायचं

इचलकरंजीत साध्या यंत्रमागांच्या शेडमध्ये मी १९ वर्षं जॉबर, म्हणजे माग चालू आणि दुरुस्त ठेवणारा, होतो. एकदा रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास वीज गेली. चोवीस माग एकदम थांबले, धोटे जागच्या जागी राहिले. कुणी बॅटरी शोधेपर्यंत शेडमध्ये जी शांतता पसरली, तिच्यात मला पहिल्यांदा ऐकू आलं: सीऽऽऽ. बारीक, एकसुरी, कुकर शिट्टी होण्याआधी फुसफुसतो तसं. शेजारच्या मागावरच्या माणसाला विचारलं, "कसला आवाज येतोय रे?" तो म्हणाला, "कुठला आवाज? सगळं बंदच हाय की."

त्याला आठ वर्षं झाली. आवाज आजही आहे. पण मी रात्री झोपतो, गुरुवारी भजनाला बसतो, आणि दिवसातले कितीतरी तास तो आवाज माझ्या ध्यानातही नसतो. इथवर यायला जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याहून दीड वर्ष जास्त लागलं, कारण काय आधी करायचं आणि काय करायचंच नाही हे सांगणारं कुणी भेटलं नाही. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. तपासणीची जागा हा लेख घेऊ शकत नाही, तपासणीला जाताना सोबत मात्र करेल.

कुणी याला कान वाजणं म्हणतं, कुणी गुंई, कुणी रातकिडे. डॉक्टर टिनिटस म्हणतात, वैद्य कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितलेत, त्यांत तो आहे. म्हणजे हे दुखणं फार जुनं आहे आणि तुम्हाला वेड लागलेलं नाही. पहिल्या महिन्यात मला हीच भीती सगळ्यात जास्त होती, म्हणून आधी सांगितलं.

१. आजच जायचं की आठवड्याने, हे ठरवा

बहुतेकांच्या कानातला आवाज धोकादायक आजाराचा नसतो. पण पुढचं काही असेल तर वाचत बसू नका, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ गाठा.

- एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं. काल रात्रीपर्यंत ठीक होतं आणि सकाळी त्या कानाला फोन लावला तर काही कळेना, असं. ही तातडीची गोष्ट आहे. त्यावर स्टेरॉईडचा उपचार देतात आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाला तर उत्तम. दोन आठवडे उलटले की आशा कमी होत जाते. इथेच माणसं फसतात, कारण "सर्दीने दडे बसलेत, सुटतील" असं वाटतं. आमच्या शेडमधल्या एकाने तीन आठवडे वाफारा घेतला. त्याचा तो कान परत आला नाही.
- आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. मनगट धरून पाहा. धप-धप जुळत असेल तर रक्तवाहिन्या तपासायला लागतात.
- आवाज एकाच कानात आहे, किंवा एका कानाने कमी ऐकू येतं. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय सांगतील. अशी गाठ क्वचित निघते आणि बहुधा कॅन्सरची नसते, तरी पाहून घ्यायलाच हवं.
- सोबत भोवळ, तोल जाणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कानातून पू किंवा रक्त, किंवा डोक्याला नुकताच मार.
- झोप नाही, खाणं नाही, जीव नकोसा झालाय. मग १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. कानासाठी मानसिक आरोग्याचा नंबर कसा फिरवायचा, हा विचार मनात येऊ देऊ नका. तिथले लोक ऐकून घेतात.

यातलं काही नसेल तर आठवडाभरात वेळ घ्या आणि तोवर पुढची तयारी करा.

२. वही आणि कागद

माझी पहिली भेट तीन मिनिटांत संपली. "कान वाजतो" एवढंच मला सांगता आलं आणि कानात टाकायचा ड्रॉप व शक्तीच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. तीन महिने त्याच गोळ्या खाल्ल्या. ऐकण्याची तपासणी करायला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारली नाही. तुम्ही विचारा.

एका पानावर लिहून न्या: आवाज कधीपासून, डावा की उजवा की डोक्यात मधोमध, सतत की येऊन-जाऊन, कसला (शिट्टी, घोंघावणं, धडधड), कशाने वाढतो. जबडा दाबल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाज बदलतो का, तेही पाहा. बदलत असेल तर दातांचा किंवा मानेचा संबंध असू शकतो.

सोबत ठेवायचं:

- आधार कार्ड, असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, जुने केसपेपर
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, किंवा सरळ पाकिटंच पिशवीत घालून न्या
- पूर्वी घेतलेली इंजेक्शनं. टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन, कॅन्सरसाठी सिसप्लॅटिन घेतलं असेल तर नक्की सांगा. ही औषधं कानाला लागू शकतात. ॲस्पिरिनचे मोठे डोस आणि क्विनाईन यांनीही कान वाजतात. पण कुठलंही चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका.
- बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांचे अलीकडचे रिपोर्ट
- कामाचा इतिहास: कुठल्या खात्यात, किती वर्षं, किती तासांची पाळी

शेवटचा मुद्दा डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. माग, प्रेस शॉप, क्रशर, बँड, ढोल-ताशा पथक, डीजे, फटाके, जे असेल ते सांगा.

३. तपासण्या: कशात काय होतं

आधी डॉक्टर दुर्बिणीने कानात पाहतात. कधीकधी सगळं प्रकरण मळाच्या गोळ्याचं निघतं आणि तो काढला की आवाज थांबतो. सगळ्यांचं नशीब असं असावं असं वाटतं, पण नसतं.

मग ऑडिओमेट्री. काचेच्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बारीक टूं टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवतात. माझी अडचण अशी झाली की बारीक सूर कुठला आणि माझा रातकिडा कुठला हेच कळेना. तसं झालं तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ही तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, सांगा, ते तुटक-तुटक सूर देतात, मग ओळखता येतं. एक सूचना, जी मला नंतर मिळाली: तपासणीआधी निदान १४-१५ तास गोंगाटापासून लांब राहा. पाळी संपवून थेट गेलात तर कान तात्पुरता बधिर असतो आणि आलेख खरा येत नाही.

माझ्या आलेखाची रेघ ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यासारखी खाली गेली होती. आवाजाने खराब झालेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. समोरचा माणूस बोलतोय हे कळतं, पण स, श, ख, फ असली अक्षरं निसटतात. साठ म्हटलेलं आठ ऐकू येतं. बायको म्हणायची, "लक्षच नसतं तुमचं." लक्ष होतं, अक्षरं पोचत नव्हती.

पडद्यामागे पाणी किंवा दाब आहे का हे पाहायला इंपिडन्स नावाची तपासणी करतात. गरज वाटली तर ओएई (आतल्या कानाच्या पेशींची तपासणी) आणि बेरा (ऐकण्याच्या नसेची तपासणी). आणि टिनिटस मॅचिंग आवर्जून मागा. त्यात वेगवेगळे सूर ऐकवून तुमचा आवाज कोणत्या सुराशी जुळतो आणि तो किती मोठा आहे ते काढतात. माझा सूर ६००० हर्ट्झच्या आसपास निघाला. मोठेपणा? मला जेमतेम ऐकू येईल त्याच्या फक्त ७ डेसिबल वर. मी दोनदा विचारलं, मशीन बरोबर आहे ना? रात्री डोकं फोडणारा तो आवाज पानांच्या सळसळीएवढा होता. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, बहुतेकांचं असंच निघतं. त्रास आवाजाच्या आकारावर ठरत नाही, मेंदू त्याला किती महत्त्व देतो त्यावर ठरतो. माझं बरं होणं खरं तर त्या खोलीत सुरू झालं.

तपासणी कुठे करायची? आमच्या भागात कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, वाणी आणि श्रवणासाठीच. नायर रुग्णालयातही वाणी-श्रवण विभाग आहे. खासगीत गेलात तर ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. "मोफत तपासणी" म्हणून बोलावून त्याच बैठकीत यंत्र गळ्यात मारणारी दुकानं असतात. आलेखाचा कागद हातात घ्या, घरी या, मग ठरवा.

४. आवाज येतो कुठून, हे एकदा नीट समजून घ्या

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्यात प्रत्येक कानात साधारण १५ हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जिथल्या पेशी गेल्या तिथून मेंदूला काही पोचेनासं होतं, आणि ते ऐकण्यासाठी मेंदू आपलं बटण मोठं करतो. रेडिओवर स्टेशन लागलं नाही आणि आवाज वाढवला तर खरखरच वाढते, तसं. माझा सीऽऽऽ म्हणजे ती खरखर.

आता माझं ऐका. शेडमध्ये चोवीस माग चालू असताना मला मागांचा आवाज ऐकू यायचा का? नाही. पहिले आठ दिवस कानठळ्या बसल्या, मग तो नाहीसा झाला. त्या खटखटाटात एका मागाचा पिकर, म्हणजे धोट्याला धक्का देणारा भाग, सैल झाला तर मात्र पाठमोरा असतानाही मला कळायचं आणि मी थेट त्याच मागापाशी जायचो. म्हणजे एवढा प्रचंड आवाज मेंदू बाजूला ठेवू शकत होता, कारण तो बिनकामाचा आणि बिनधोक्याचा आहे हे त्याला ठाऊक होतं. सैल पिकर धोक्याचा, म्हणून तो ऐकू यायचा. कानातल्या आवाजाला मी भीतीपोटी सैल पिकर समजून बसलो होतो. त्याला चालू माग समजायला शिकायचं होतं, एवढंच. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

५. शांततेत बसू नका

नवख्या माणसाची पहिली चूक हीच. त्रास होतो म्हणून दारं-खिडक्या लावून, कानात बोळे घालून पडून राहायचं. शांतता जेवढी जास्त, तेवढं मेंदूचं बटण मोठं, आणि रातकिडे तेवढे जवळ. दिवसभर बोळे घातले तर पुढे भांड्याचा साधा आवाजही सहन होईनासा होतो.

घरात मंद, सपाट, कुणाचं लक्ष न ओढणारा आवाज ठेवा. पंखा, कूलर, मोबाइलवर पावसाचा किंवा ओढ्याचा आवाज. माझ्याकडे जुना ट्रान्झिस्टर आहे, तो मी दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवतो. तो किती मोठा ठेवायचा, हे महत्त्वाचं: कानातल्या आवाजापेक्षा थोडा कमी. दोन्ही आवाज एकत्र ऐकू आले पाहिजेत. मी सुरुवातीला रातकिडे बुडेपर्यंत रेडिओ मोठा करायचो. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला होणार कशी? मंद ठेवायला लागल्यावर तीन-चार महिन्यांनी फरक जाणवला. आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा विचार लवकर करा. माझ्या बाबतीत कुठल्याही गोळीपेक्षा यंत्राने जास्त काम केलं: बाहेरचे आवाज परत आले आणि आतला मागे सरला. किंमत काही हजारांपासून लाखाच्या वर जाते. महागडं घ्या असं म्हणणार नाही. तुमच्या आलेखाप्रमाणे सेट केलेलं घ्या आणि आधी काही दिवस वापरून पाहायला मागा. ऑनलाइन मिळणारी आवाज वाढवणारी स्वस्त यंत्रं सगळंच मोठं करतात, तापलेल्या कानाला ती घातक. नुसत्या टिनिटसवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. दोन्ही कानांचा बहिरेपणा ठरावीक पातळीच्या पुढे असेल तर मिळतं, आणि ४० टक्के किंवा जास्त असेल तर केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर यंत्र मिळू शकतं. प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा.

६. रात्र

दिवस निघतो, रात्र निघत नाही. मी काय करतो ते सांगतो. रोज सकाळी एकाच वेळी उठतो, झोप लागो न लागो. उशाशी ट्रान्झिस्टर मंद लावलेला असतो, रात्रभर. घड्याळ भिंतीवरून काढलं, कारण दोन वाजले, अडीच वाजले हे मोजण्यात जीव जायचा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठतो आणि बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात शेंगा सोलतो. डोळे जड झाले की परत अंथरुणात. अंथरुणात पडून मोबाइलवर "कान वाजणे उपाय" शोधायचं नाही, ही माझ्या घरातली सक्त ताकीद आहे.

चहा सोडावा का, असं सगळे विचारतात. सरसकट सोडायची गरज नाही. झोपेसाठी मी संध्याकाळी सहानंतरचा बंद केला. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

७. मन, आणि घरची माणसं

टिनिटसवर ज्या उपचारांना चांगला आधार आहे, त्यांत विचार आणि वागणूक बदलणारी थेरपी पुढे आहे. तिला सीबीटी म्हणतात. आवाज बंद करणं तिचं काम नाही, त्याची दहशत ती कमी करते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मला लाज वाटली आणि त्यात आठ महिने गेले. पहिल्याच बैठकीत त्यांनी लिहायला लावलं: आवाज वाढला की मनात पहिलं वाक्य काय येतं? माझं वाक्य होतं, "आता हे असंच मरेपर्यंत." त्याखाली त्यांनी पुरावा लिहायला सांगितला. काल किती वेळ आवाज ध्यानात नव्हता? मोजलं तर दुपारचे तीन तास निघाले.

मोजमापासाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ऑडिओलॉजिस्टकडे मिळते. शंभरपैकी गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे सुरुवातीला ६८ होते, म्हणजे तीव्र. दीड वर्षाने ३०. दर तीन महिन्यांनी भरा, रोज नको. रोज कान लावून "आज किती आहे?" हे पाहणं म्हणजे जखमेवरची खपली रोज काढणं.

घरच्यांसाठी एवढंच: "अजून वाजतंय का?" असं रोज विचारू नका. माझी आई मायेने विचारायची आणि विसरलेला आवाज त्या क्षणी परत यायचा. त्यापेक्षा बोलताना समोर या, तोंड दिसू द्या, पाठ करून स्वयंपाकघरातून हाक मारू नका.

८. उरलेला कान वाचवा

८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास, ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० च्या पुढे सहज असतो आणि आम्ही बारा-बारा तास उभे असायचो.

कापसाचे बोळे जवळपास काहीच अडवत नाहीत. फोमचे प्लग घ्या आणि नीट घाला: हात धुवा, प्लग बोटांत बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा आला म्हणजे बसला. विसर्जन मिरवणुकीला, वरातीला, शेडमध्ये जाताना घाला. बाहेर आलात की काढा.

कामगारांनी हेही लक्षात ठेवावं: आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो आहे. ऑडिओमेट्रीचे कागद आणि हजेरीचा, पगाराचा कुठलाही पुरावा जपून ठेवा. माझ्याकडे पगाराची एकही चिठ्ठी नव्हती.

९. पैसे आणि कान, दोन्ही घालवणाऱ्या गोष्टी

- "१५ दिवसांत आवाज कायमचा बंद" अशी जाहिरात. टिनिटस हमखास बंद करणारी गोळी आज नाही. जिंकगो, झिंक वगैरेंची शिफारस टिनिटससाठी केली जात नाही. बी १२ रक्तात कमी असेल तरच घ्या.
- गरम तेल, लसणाचं तेल. पडद्याला भोक असेल तर ते मधल्या कानात उतरतं. वैद्यांकडे कर्णपूरण (कानात औषधी तेल भरणं) करायचं असेल तरी आधी पडदा शाबूत आहे का हे दुर्बिणीने पाहून घ्या.
- बाजारात मळ काढणारे, हेअरपिन, काडी, इअरबड, कानात लावायची मेणबत्ती. यातलं काहीच नाही.

१०. मधेच वाढला तर

सर्दी झाली, दोन रात्री जागरण झालं, मिरवणुकीत अडकलात, की आवाज चढतो. सगळी मेहनत वाया गेली असं वाटतं. मला अजूनही वर्षातून तीन-चारदा होतं. तेव्हा नवीन काही सुरू करायचं नाही, गोंगाट टाळायचा, ट्रान्झिस्टर नेहमीएवढाच ठेवायचा आणि वहीत तारीख टाकायची. माझ्या वहीत आजवरचं प्रत्येक चढणं दोन ते नऊ दिवसांत उतरलेलं आहे, आणि वाढलेल्या रात्री मी तीच पानं उघडून वाचतो. आवाजाचा सूरच बदलला, तो एका बाजूला सरकला, किंवा त्या कानाने ऐकू कमी आलं, तर मात्र वही बंद करून त्याच दिवशी पहिल्या पायरीवर जा.